उभ्या गाडीचा पंखा

मेश्रामकाका कोणाला नमस्कार करत नाहीत. समोर आलेल्या माणसाच्या मानेला, कानाच्या जरा खाली, उजव्या हाताची उलटी बाजू लावतात, क्षणभर थांबतात आणि निकाल देतात, "नॉर्मल." निकाल नॉर्मल असला तरच पुढचं बोलणं. नसला तर, "तापला बाप्पा तू. घरी जा, पहिले ठंडा हो." हा प्रयोग त्यांनी माझ्यावर, माझ्या सासऱ्यांवर, कुरिअरच्या माणसावर आणि मतं मागायला दारात आलेल्या एका उमेदवारावर केलेला मी स्वतः पाहिला आहे. उमेदवार गरम निघाला. पुढे तो पडला. काका अजून सांगतात, "मी त्याच दिवशी म्हटलं होतं."

हे सगळं रेल्वेमुळे. काकांची सगळी नोकरी डिझेल शेडमध्ये गेली. धावून आलेल्या इंजिनाची चाकं, दांडे, बेअरिंगं हाताने चाचपून पाहायची तिथली जुनी पद्धत. "तळहात लावशील तर चटका बसला का मूठ आवळते, हात तिथंच चिकटते. उलटा हात लावला तर आपोआप मागं येते," असं ते मला समजावतात. मला हे कधी उपयोगी पडेल असं वाटत नाही, पण तेव्हापासून मी दुधाचं पातेलंसुद्धा उलट्या हाताने पाहतो.

त्यांचं आयुष्याचं एकच सूत्र आहे: तापू द्यायचं नाही. "कोणतीबी चीज पाह्य तू. मशीन असो, माणूस असो, सासू असो. तापली का गेली." सासू या शब्दानंतर ते घराच्या दिशेने एक नजर टाकतात. काकूंच्या आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण सावधपणा राहिला आहे.

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. सिंचन खात्यात बाबू आहे. काकांचं मूळ घर भंडाऱ्याकडचं, आमचं वर्ध्याकडचं, पण माझा जन्म रायपूरचाच, तात्यापाऱ्यातला. आता राहतो त्या कॉलनीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं. त्यामुळे मराठीत भांडायचं झालं तर काकांना मी लागतो. माझी मुलगी मराठी समजते आणि उत्तर हिंदीत देते. काका त्याबद्दल काही म्हणत नाहीत, पण त्यांनी तिच्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली आणि ती "जी, काकाजी" म्हणाली, की मीच मान खाली घालतो.

इथे माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येतो. ट्रॅफिक पोलिसाने पुढच्या स्कूटरवाल्याला थांबवलं तरी माझा हात खिशातल्या लायसनकडे जातो. ऑफिसात कोणाची फाइल हरवली की मी माझं कपाट उघडून बघतो. कॉलनीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी कोण होणार असं विचारलं तेव्हा सगळे गप्प होते. ती शांतता इतकी लांबली की ती माझ्यामुळेच पडली आहे असं मला वाटायला लागलं. मी हात वर केला. तेव्हापासून काका मला "सिक्रेटरीसाहेब" म्हणतात आणि माझी मान जरा जास्त वेळ तपासतात.

गाडी आली ती मागच्या दिवाळीनंतर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून. लाल होती असं अंदाजाने म्हणायचं. दोन सीटांची, बिनछपराची, विलायती. नाकाशी दोन गोल दिवे आणि एवढी बुटकी, की ट्रॉलीवरून उतरवल्यावर आमच्या गेटच्या आडव्या पट्टीखालून ती तशीच आत जाईल की काय असं वाटलं. बनवणाऱ्या कंपनीचं नाव कधीच गळून पडलं होतं. महासमुंदच्या बाजूला एका जमीनदाराच्या गोदामात ती पडून होती. "कोंबड्या अंडे देऊन राहिल्या होत्या तिच्यात," काका म्हणाले. "ड्रायव्हरच्या सीटवर."

"पण काका, स्पोर्ट्‌स कार? या वयात?"

"काहून? तुह्या सिंचन खात्यात परवानगी लागते का?"

थंडीभर ते तिच्याखाली होते. मी ऑफिसला निघताना दोन पाय दिसायचे आणि आलो तरी तेच दोन पाय. मी "काका, येतो" म्हणायचो आणि पाय हलायचे. संक्रांतीच्या सुमाराला एका दुपारी ती सुरू झाली. सबंध गल्ली बाहेर आली. आवाज तिच्या मापाला शोभणारा नव्हता. मोठा, भरीव, पण लंगडा. धड्‌-धड्‌ धड, धड्‌-धड्‌ धड, जसा एखादा जाडा माणूस एका पायात चप्पल घालून जिना उतरतोय.

मला गाड्यांतलं फार कळत नाही, पण हे बरोबर नाही एवढं कळत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. रायपूरमध्ये प्रत्येक माणूस अर्धा मिस्त्री असतो. "काका, मिसिंग मार रही है," दूधवाला म्हणाला. "स्लो ठीक से सेट नहीं है," केबलवाला म्हणाला; स्लो म्हणजे उभ्या इंजिनाची संथ चाल. काकांनी खास बोलावलेला पुरानी बस्तीतला जुना मिस्त्री तर पेचकस घेऊन थेट कार्बुरेटरकडेच गेला. काकांनी त्याचा हात वरच्या वर धरला.

"बाकी सब देख. चाल मत छेड़."

"अरे काका, लंगड़ा रही है!"

"लंगड़ाने दे. तेरे को चलानी है क्या?"

मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, "भैया, आप समझाओ." मी समजावलं नाही. मी त्याला चहा दिला आणि त्याच्या वतीने मला वाईट वाटलं.

त्या गाडीतून मी एकदा फिरलो आहे. काका मला पुरानी बस्तीच्या देवळापर्यंत घेऊन गेले. तीत बसलं की रस्ता कमरेला लागतो. ई-रिक्षातल्या बायका आमच्याकडे वरून, विहिरीत डोकवावं तशा बघत होत्या. एका सिग्नलला गाय आमच्या शेजारी उभी राहिली आणि तिचं पोट माझ्या डोक्याच्या वर होतं. परत येईपर्यंत काकांची नजर फक्त तेलाच्या प्रेशरच्या सुईवर. घरी आल्यावर म्हणाले, "चालते चांगली. उभी राहत नाही."

"म्हणजे?"

"पळवली का हवा लागते, तेल ठंडं राहते. उभी करून चालू ठेवली का तेल तापते अन् प्रेशर पडते. सुई पाह्य, कशी लोळली."

मग मला त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं. रेडिएटरच्या खाली, पुढच्या बाजूला, पाटीएवढी एक पन्हळ्यांची जाळी असते. इंजिनाचं तेल तीतून फिरतं आणि वाऱ्याने थंड होऊन परत जातं. ऑइल कूलर. रेडिएटरला स्वतःचा पंखा असतो, याला नसतो. पळणाऱ्या गाडीसाठी बनवलेली चीज, ती उभी राहील कशाला, असं बनवणाऱ्याला वाटलं असणार. आणि तिकडे थंडीही असेल.

"इथं उन्हाळ्यात उभी चालवली तर बेअरिंग जाईन. अन् हे बेअरिंग अख्ख्या हिंदुस्थानात कोणापाशी नाही. गेलं का खेळ खलास." ते उलटा हात तेलाच्या पाइपला लावून म्हणाले, "याले पंखा लावा लागते. नवतप्याच्या आत." मे अखेरचे नऊ जाळते दिवस म्हणजे नवतपा.

"पण उभी चालवायची कशाला? बंद करा ना."

"दुपारी दोन घंटे उभी चालली पाहिजे."

"काहून पण?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"चालली पाहिजे म्हणजे चालली पाहिजे. शेडले इंजिन रात्र रात्र उभे चालते. कोणी विचारते का काहून?"

मी पुढे विचारलं नाही. माणूस रिटायर झाला की त्याला काहीतरी लागतं, असं मला वाटलं. कोणी गच्चीवर टोमॅटो लावतं, कोणी सकाळी सकाळी सगळ्यांना फुलांचे फोटो पाठवतं. काका गाडी उभी चालवतात. पण एवढं मला समजलं होतं, की त्या जाळीला पंखा लागला नाही तर ते इंजिन जाईल, आणि इंजिन गेलं तर काकांचं काहीतरी मोठं जाईल. काय जाईल ते माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये आम्ही गोल बाजारात गेलो. मला बरोबर नेलं कारण दुकानदार सभ्य माणसाला जास्त लुबाडत नाहीत, असं काकांचं मत. हे मत चूक आहे. आता, रायपूर असो की नागपूर, आमच्याकडे कूलर या शब्दाचा अर्थ एकच. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाणी, आत पंखा, आणि त्यासमोर मेल्यासारखं पडलेलं कुटुंब. आणि काका ऐन एप्रिलमध्ये दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "भैया, कूलर का पंखा दिखाना."

"दो फुट का कि तीन फुट का?"

काकांनी हाताने दाखवलं. वीतभर.

दुकानदार चष्म्यावरून बघायला लागला. "इतना-सा कूलर? किस कमरे का है?"

"कमरे का नहीं. तेल का."

"तेल का कूलर?"

"हव. तेल ठंडा करना है."

"तेल ठंडा करके क्या करोगे काका? पूड़ी तो गरम में ही निकलती है."

शेजारच्या भांड्यांच्या दुकानातली दोन माणसं जवळ आली. मी समजावण्यासाठी तोंड उघडलं, आणि "गाड़ी का तेल है" असं म्हणालो. त्यामुळे गोंधळ वाढला. गर्दीतला एक जण म्हणाला, पेट्रोल महाग झालंय, लोक आता ते थंड करून ठेवतात, उडून जाऊ नये म्हणून. दुसऱ्याने ते मान हलवून मान्य केलं. एवढ्यात दुकानदाराच्या डोक्यात प्रकाश पडला. तो आत गेला आणि एक छोटासा, गुलाबी, चमचम लावलेला पंखा घेऊन आला.

"ये लो. बित्ते भर का. ठाकुरजी के लिए आता है. गर्मी में मंदिर में लगाते हैं, भगवान को हवा लगती है."

काकांनी तो हातात घेऊन पातं फिरवून पाहिलं. मला घाम फुटला. काका पक्के बौद्ध. पण ते शांतपणे म्हणाले, "हमारे यहाँ ठाकुरजी नहीं हैं भैया, गाड़ी है. इसकी हवा उसको पुरेगी नहीं."

"पुरेगी" या शब्दावर दुकानदार पुन्हा अडखळला. आम्ही तिथून निघालो. मी पायरी उतरताना उगीचच एक प्लास्टिकचा मग विकत घेतला, कारण त्याचा एवढा वेळ घेतला होता.

पुढे काकांनी भंगारातल्या एका लहान गाडीचा बॅटरीवर चालणारा पंखा मिळवला आणि जाळीला बसवला. पहिल्यांदा तो उलटा बसला. रेडिएटरची गरम हवा ओढून तेलालाच देत होता. काकांना ते मान्य नव्हतं. "पंखा बरोबर आहे, गाडी उलटी उभी आहे," असं म्हणून त्यांनी दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलेलो पाहून पंखा फिरवून लावला. आता सुई पडेना. पण जुन्या गाडीचा डायनामो उभ्याने पुरेशी वीज करत नाही. अर्ध्या घंट्यात पंख्याने बॅटरी पिऊन टाकली.

तेव्हा काकांनी जे केलं ते आमच्या मुलखातला माणूसच करू जाणे. त्यांनी स्वतःच्या हॉलमधला कूलर फोडला. त्याची मोटर, त्याचं पातं, पाण्याचा पंप आणि वाळ्याची एक ताटी काढून तेलाच्या जाळीसमोर उभी केली. खाली बादली, बादलीत पंप, ताटीवर पाण्याची धार. ऑइल कूलरचा त्यांनी शब्दशः कूलर केला. मोटर घरच्या विजेवर, त्यामुळे वायर खिडकीतून आत गेली. गाडीची कूस काकूंच्या खोलीच्या भिंतीला लागलेली, वायर खिडकीला बांधलेली, समोर पाण्याची बादली. गोठ्यातली म्हैस वाटायची. धूर घरात जाऊ नये म्हणून त्यांनी सायलेन्सरला पत्र्याची लांब नळी जोडून ती अंगणाच्या पार टोकाला, छताच्याही वर नेली. गाडीला धुराडं होतं.

"काका," मी म्हटलं, "आता ही गाडी कुठे जाऊच शकत नाही. वायर आहे."

"जाची कुठं आहे तिले?" काका म्हणाले, आणि जाळीला उलटा हात लावला. "नॉर्मल."

वाळ्याच्या वासात भिजलेलं विलायती इंजिन रोज दुपारी एकला सुरू व्हायचं आणि तीनला बंद व्हायचं. काका हॉलमध्ये, कूलरशिवाय, बनियन पिळत बसलेले असायचे.

आणि तिवारीजींची दुपारची झोप गेली.

तिवारीजी समोरच्या घरात राहतात. भले गृहस्थ आहेत. आधी त्यांनी खिडक्या लावल्या, मग कानात कापूस घातला, मग एका रविवारी चार घरांतली माणसं घेऊन माझ्याकडे आले. "आप सेक्रेटरी हैं," ते म्हणाले. "आपके ही मराठी आदमी हैं. प्यार से बोल दीजिए, दोपहर में बंद रखें. नहीं तो फिर हमको थाने में बोलना पड़ेगा, और वो अच्छा नहीं लगेगा." त्यांचं चूक नव्हतं. सुट्टीच्या दिवशी माझं स्वतःचंही त्या आवाजाने डोकं धरायचं. पण माझी मुलगी आतून "पापा, आप ही बोलो ना, कोई और नहीं बोलेगा" असं म्हणाली, तेव्हा मला वाटलं की तो आवाजसुद्धा कुठेतरी मीच चालू ठेवला आहे.

चार दिवस मी टाळलं. रोज ठरवायचो, काकांच्या गेटपर्यंत जायचो, ते मान तपासायचे आणि "तापला आहे" म्हणून परत पाठवायचे. खरंच तापलेला असायचो.

शेवटी रजा घेऊन एका दुपारी गेलो. नवतपा सुरू होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि मी त्यांच्या गेटला हात लावला, तेवढ्यात लाइन गेली. सगळ्या कॉलनीतले कूलर एका दमात गप्प झाले. फक्त काकांचं इंजिन चालू होतं, धड्‌-धड्‌ धड.

काका धावत बाहेर आले. हातात सूप. स्वयंपाकघरातलं, बांबूचं, धान्य पाखडायचं. ते गाडीच्या नाकासमोर उकिडवे बसले आणि ओल्या ताटीवर सुपाने वारा घालायला लागले. दोन्ही हातांनी, जोरजोरात, जसं चुलीला घालावं. मधूनच उठून सुईकडे बघायचे आणि पुन्हा बसायचे.

"काका, अहो बंद करा इंजिन! लाइन आली की करा चालू."

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. एवढ्या धडधडीत मला हळू बोलायला सांगत होते.

"बंद केलं तर उठन ते," ते माझ्या कानाशी म्हणाले. "आत्ताच डोळा लागला."

"कोणाचा?"

त्यांनी हनुवटीने खिडकी दाखवली. आत, खिडकीला लागून असलेल्या पलंगावर, काकू डोळे मिटून पडल्या होत्या.

काकू मागच्या वर्षी पावसाळ्यात पडल्या होत्या. कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हे मला माहीत होतं, दवाखान्यात डबाही मी नेला होता. पण पुढचं माहीत नव्हतं. काका वारा घालता घालता सांगत गेले, दोन वाक्यं आणि एक सुईकडे नजर, असं.

"घरी आणली अन् झोपच गेली तिची. गोळ्या झाल्या, सगळं झालं. टकटक आढ्याकडे पाहत राहे. मग माह्या ध्यानात आलं, बापा, हिची अख्खी जिंदगी शेडच्या क्वार्टरात गेली. भिंतीच्या पलीकडे इंजिन. दिवसरात्र स्लोवर उभे. खाट हाले, फळीवरचे गिलास वाजे. पोट्टे त्याच आवाजात जन्मले, त्याच आवाजात झोपले. तिथं आवाज बंद झाला का सगळे क्वार्टर जागे होत, काय झालं म्हणून. अन् इथं आणून टाकली मी तिले. इथं काय आहे? पंख्याचा आवाज."

"मग मोबाइलवर रेकॉर्डिंग..."

"केलं ना. पोट्ट्यानं पाठवलं पुण्याहून. त्यात खाट हालत नाही ना पण." त्यांनी सूप थांबवलं नाही. "मग चाल शोधत फिरलो. जीप पाहिली, ट्रक पाहिला, जनरेटर पाहिला. सगळे सरळ चालते. आपलं डिझेल स्लोवर असं थोडंसं लंगडते. हे गोदामात चालू करून पाहिली, अर्धा मिनिट चालली असन. मी म्हटलं हेच. मिस्त्री म्हणते चाल सुधरवतो. कशी सुधरवू देऊ?"

बादलीतला पंपही लाइनबरोबर बंद पडला होता आणि ताटी वाळायला लागली होती. काकांनी सुई पाहिली, तोंड वाकडं केलं आणि सूप माझ्या हातात दिलं.

"दोन मिनिटं धर. मागच्या टाकीतलं ठंडं पाणी आणतो, वरून ओततो. हात थांबवू नको, सिक्रेटरीसाहेब."

ते बादली घेऊन मागे गेले. मी उकिडवा बसलो आणि वारा घालायला लागलो. सूप दिसतं तेवढं हलकं नसतं. ऊन पाठीवर, इंजिन तोंडावर. सिंचन खात्यातल्या कोणी मला या अवस्थेत पाहू नये, एवढीच इच्छा होती.

"भाऊ."

मी दचकून वर पाहिलं. काकूंनी डोळे उघडले होते. चेहरा घामाने निथळत होता. त्यांच्या खोलीतला कूलरही बंदच होता ना.

"पाहा बरं," त्या हसून म्हणाल्या, "मी इकडे शिजून राहिली, अन् ते तिकडे गाडीले वारा घालून राहिले."

"काकू, तुम्ही जाग्या झाल्या? मी... माफ करा, माझा हात थांबला होता का?"

"झोपली होती कोण? ह्या गोंगाटात झोप येते का कोणाले?"

मी सूप घेऊन तसाच बसलो.

"घाला, घाला वारा. ते पाहतील." त्या जराशा कुशीवर सरकल्या. "पहिले पहिले खरंच आली झोप. खोटं नाही बोलत. दुखणं होतं तेव्हा बरं वाटे, खाट हालली का. पण आता दुखत नाही भाऊ. रात्री झोपते मी चांगली. दुपारी झोप पाहिजे कोणाले? पण सांगू कशी? रिटायर होऊन आले तं नुसते ह्या खोलीतून त्या खोलीत फिरत. दिवसातून धा वेळा माही मान तपासत. मले म्हणत, तुले काही पाहिजे का, तुले काही पाहिजे का. आता पाहा कसे आहेत. सकाळपासून त्या मोटरीच्या मागं आहेत. एक वाजला का येऊन विचारतात, करू का चालू? मी म्हणते, करा."

"रोज दोन तास डोळे मिटून पडता?"

"त्याच्यात काय आहे? मनातल्या मनात हिशेब करते, संध्याकाळी भाजी कोणती कराची." मग त्या गंभीर झाल्या. "तुम्ही शहाणे आहा, तुमच्याच्यानं राहवणार नाही म्हणून सांगून ठेवते. त्यांना बोलू नका."

मागच्या अंगणात बादली नळाला आपटल्याचा आवाज आला. मग चपलांचा, जवळ येणारा. काकूंनी डोळे मिटले आणि तोंड किंचित उघडं टाकलं. इतकं सफाईने, की मला माहीत नसतं तर मीही फसलो असतो.

काका आले, ताटीवर पाणी ओतलं, सुई पाहिली आणि मान हलवली. मग पाय न वाजवता खिडकीशी गेले आणि आत वाकले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पगाराच्या दिवशीचा होता.

"गाढ आहे," ते कानाशी म्हणाले.

मी मान हलवली. समोर तिवारीजींच्या खिडकीचा पडदा हलला. ते तिथे उभे असणार, सेक्रेटरी बोलतोय की नाही ते बघत. त्यांना एवढंच दिसत असणार, की सेक्रेटरी गाडीसमोर उकिडवा बसून सूप हलवतोय. संध्याकाळी त्यांना काय सांगायचं, हे मला त्या वेळीही सुचलं नाही आणि अजूनही नीट सुचलेलं नाही.

"दे इकडे, थकला असशीन," काका म्हणाले. "अन् हो, तू काहून आला होता? काही काम होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "असाच आलो होतो." आणि सूप दुसऱ्या हातात घेतलं.